जड मोटारसायकल आणि अरुंद गावठाण : बारामती-इंदापूर भागातील एका कसबाचा इतिहास

जड मोटारसायकल रस्त्यावर चालवणे आणि तीच मोटारसायकल अरुंद जागेत वळवून, मागे घेऊन, नीट उभी करणे ही दोन वेगळी कौशल्ये आहेत, आणि वाहनांच्या इतिहासात पहिल्याविषयी पुष्कळ लिहिले गेले असले तरी दुसऱ्याची दखल फारशी कोणी घेतलेली नाही. मोटारसायकलीला बहुधा मागे जाण्याचा गिअर नसतो. दीडशे-दोनशे किलोंचे हे यंत्र पुढे जाताना इंजिनाच्या बळावर जाते, पण मागे येताना ते केवळ माणसाच्या पायांवर, कमरेवर आणि अंदाजावर अवलंबून असते. त्यामुळे ज्या प्रदेशात अशा गाड्या आल्या त्या प्रदेशातील घरांची दारे, गल्ल्यांची रुंदी, जमिनीचा पोत आणि लोकांचे व्यवसाय यांनी या कौशल्याला आपापले वळण दिले. पुणे जिल्ह्याच्या आग्नेयेकडील बारामती आणि इंदापूर हे दोन तालुके या दृष्टीने अभ्यासण्याजोगे आहेत, कारण येथे जुनी दाट गावठाणे, कालव्याखालची काळी जमीन, ऊस, दूध आणि अलीकडे दुचाकींचा कारखाना या सर्व गोष्टी एकमेकींच्या शेजारी नांदत आल्या आहेत.

बारामती कऱ्हा नदीच्या काठी वसलेली आहे. पेशवाईत बाबूजी नाईकांमुळे या गावाला महत्त्व आले. नदीकाठचा त्यांचा वाडा आजही उभा आहे, आणि त्यांच्याच आश्रयाने कविवर्य मोरोपंतांनी (१७२९–१७९४) आपले बहुतेक आयुष्य येथे काढले. इंदापूर त्याहून जुन्या राजकारणात दिसते; मालोजीराजे आणि शहाजीराजे भोसले यांच्या जहागिरीतील ते एक प्रमुख ठाणे होते. दोन्ही गावांना १८६५ मध्ये नगरपालिका मिळाली, परंतु तोवर गावठाणाची बांधणी पक्की झालेली होती. गावठाण म्हणजे शेतजमिनीपासून वेगळी काढलेली राहत्या वस्तीची जागा. तिच्यातील आळ्या आणि बोळ माणसांच्या, जनावरांच्या आणि फार तर एका बैलगाडीच्या मापाचे होते. भीमेच्या खोऱ्यातील हा मुलूख भीमथडीच्या तट्टांसाठी प्रसिद्ध असल्याने मोठ्या वाड्यांचे मुख्य दरवाजे स्वार आत येईल इतके उंच ठेवलेले असत, मात्र रोजच्या वापरासाठी त्या दरवाजातच एक लहान दार असे, ज्याला दिंडी म्हणतात, आणि त्याखाली दगडी किंवा लाकडी उंबरा असे. पुढे शंभर-दीडशे वर्षांनी मोटारसायकलवाल्यांना ज्या अडचणी आल्या, त्यांतील निम्म्या या दरवाजांनी आणि उंबऱ्यांनी आधीच ठरवून ठेवल्या होत्या.

मोटारसायकल येण्यापूर्वी जड वाहन लावण्याची रीत या भागात नव्हती असे मात्र नाही. बैलगाडी हे पूर्ण अर्थाने जड वाहन होते, आणि तिलाही स्वतःहून मागे जाता येत नसे. बैल सोडल्यावर गाडीचे जू जमिनीवर आदळू नये म्हणून पुढे लाकडी टेकू देत, चाकांना दगड लावत, आणि अंगण लहान असेल तर दोघे जण गाडी हातांनी मागे रेटत. एक जण धुरा धरून दिशा देई आणि दुसरा चाकाच्या आऱ्याला हात घालून तिला इंच-इंच फिरवी. गाडी उभी करताना जू रस्त्याकडे आणि साटा भिंतीकडे ठेवणे सोयीचे पडे, कारण पहाटे अंधारात बैल जुंपून सरळ बाहेर पडता येई. जाण्याची सोय लावून मगच थांबायचे, हा या रीतीचा गाभा होता, आणि मोटारसायकलीच्या काळात तो जवळजवळ तसाच टिकला.

या प्रदेशाचे अर्थकारण पालटले ते नीरा डाव्या कालव्यामुळे. १८७६–७७ च्या दुष्काळानंतर नीरा खोऱ्यातील कामांना गती मिळाली, भाटघरचे धरण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात पूर्ण झाले, आणि कालव्याच्या पाण्यावर बारामती-इंदापूरच्या एका पट्ट्यात ऊस उभा राहिला, तर कालवा न पोचलेला उरलेला भाग जिराईतच राहिला. १९१४ मध्ये दौंड-बारामती हा अरुंद मापाचा लोहमार्ग सुरू झाला. १९३० च्या दशकात वालचंद हिराचंद यांनी इंदापूर तालुक्यातील कळंबजवळ साखर कारखाना आणि त्याभोवती आखीव वसाहत उभारली, तेच वालचंदनगर. स्वातंत्र्यानंतर माळेगाव, भवानीनगर, सोमेश्वरनगर येथे सहकारी कारखाने निघाले. बागायतदारांच्या हाती पैसा आला आणि शेतावरची वस्ती, कारखाना, बाजारपेठ आणि तालुक्याचे गाव यांत रोज ये-जा करण्याची गरज वाढली; कालव्याकाठचे कच्चे रस्ते आणि पाणंदी, म्हणजे दोन्ही बाजूंच्या शेतांमधून जाणाऱ्या अरुंद वाटा, या ये-जेला पुरेशा नव्हत्या, तरी वापरात त्याच होत्या.

अशा वाटांवर जी पहिली दमदार मोटारसायकल रुळली ती बुलेट. रॉयल एनफिल्डची ही गाडी भारतीय सैन्याच्या मागणीमुळे देशात आली आणि १९५५ पासून मद्रास येथे तिची जुळणी व पुढे निर्मिती होऊ लागली. साठच्या दशकात म्हैसूरची जावा आणि एस्कॉर्ट्स कंपनीची राजदूत तिच्या जोडीला आल्या. ग्रामीण बोलीत या सर्वच गाड्यांना फटफटी म्हणत, परंतु जडपणाच्या बाबतीत बुलेट वेगळी होती. तिच्या इंजिनात सिलिंडरचा व्यास ७० मिलिमीटर आणि दट्ट्याची धाव ९० मिलिमीटर, म्हणजे धाव व्यासाहून पुष्कळ लांब, अशी रचना होती, आणि त्याला जड गतिचक्राची जोड होती. गतिचक्र म्हणजे इंजिनाच्या आत फिरणारे, फिरण्याचा जोर साठवून ठेवणारे वजनदार चाक. त्याचा परिणाम असा की ही गाडी माणसाच्या चालीने, जवळजवळ ॲक्सिलरेटर न देता, ठोके मोजता यावेत इतक्या संथपणे पुढे सरकू शकते आणि बंद पडत नाही. मोकळ्या रस्त्यावर तिचे वजन हा गुण मानला जात असेल, परंतु बारामतीच्या पेठेतील बोळातून ती नेणाऱ्याला खरा आधार या संथ चालीचाच होता.

जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायाशी आणि मागचा ब्रेक डाव्या पायाशी होता. यामुळे अरुंद जागेत एक विशेष अडचण येई. मागच्या ब्रेकवर डावा पाय असताना जमिनीवर टेकायला उजवाच पाय उरतो, म्हणून बोळातून जाताना भिंत डाव्या हाताला ठेवणे सोयीचे. परंतु उतरायचे डाव्या बाजूने, आणि तेथे तर भिंत. यावर उपाय एकच होता, तो म्हणजे बोळ सर्वांत अरुंद होण्यापूर्वीच, जेथे उतरायला हात-दीड हात जागा आहे तेथे थांबायचे, आणि तेथून पुढे गाडी चालत न्यायची. कोठे बसून राहायचे आणि कोठे उतरायचे याचा हा निर्णय अनुभवी माणूस बोळाच्या तोंडाशीच घेत असे, आणि नवशिका तो बोळाच्या मध्यावर अडकल्यानंतर घेत असे.

गाडी चालत नेण्याचे शास्त्र साधे असले तरी नेमके आहे. समजा १८० किलोंची गाडी आहे आणि तिचा गुरुत्वमध्य हँडलच्या उंचीच्या साधारण निम्म्यावर आहे. ती अगदी सरळ उभी असेल तर तिला तोलायला बोटाचा आधार पुरतो, दहा अंश कलली तर हँडलवर सुमारे पंधरा किलोंचा भार येतो, आणि तीस अंश कलली तर तो पंचेचाळीस किलोंच्या घरात जातो. म्हणजे गाडी पडते ती बहुधा माणसात बळ नसते म्हणून पडत नाही, तर कललेली लक्षात यायला उशीर झाला म्हणून पडते. म्हणूनच जाणते लोक गाडीच्या डाव्या अंगाला उभे राहून तिला किंचित आपल्याकडे झुकती ठेवतात, कंबर सीटला टेकवतात आणि मागे घेताना डावा हात हँडलवर व उजवा हात सीटमागच्या दांडीवर ठेवतात. पलीकडे झुकलेली गाडी हाताने ओढून धरता येत नाही, आपल्याकडे झुकलेली अंगावर तोलता येते. पुढचा ब्रेक हँडल वळलेले असताना दाबायचा नाही, कारण थांबलेले पुढचे चाक गाडीला वळणाच्या बाजूला खाली ओढते, हा दुसरा नियम. चालत नेताना पायाचा ब्रेक हाताशी येत नाही, म्हणून उतारावरून गाडी खाली आणताना इंजिन बंद ठेवून पहिला गिअर टाकायचा आणि क्लचच सोडून-धरून ब्रेकसारखा वापरायचा, हा तिसरा. हे नियम या भागात कोणत्या पुस्तकातून आले नाहीत. ते गॅरेजमध्ये, डेअरीच्या दारात आणि वाड्यांच्या चौकांत एकाने दुसऱ्याला सांगितले.

थांबलेली गाडी उभी ठेवणाऱ्या स्टँडचाही स्वतंत्र इतिहास आहे. सुरुवातीच्या युरोपीय मोटारसायकलींना मागच्या चाकाच्या आसाशी बिजागरीने जोडलेला स्टँड असे आणि गाडीची शेपटी उचलून ती त्यावर ठेवावी लागे. पुढे इंजिनाखाली, गाडीच्या मधोमध बसवलेला दोन पायांचा स्टँड रूढ झाला, ज्याला येथे मेन स्टँड किंवा डबल स्टँड म्हणतात. गाडी मेन स्टँडवर घेणे हे ताकदीचे काम समजले जाते, पण ते तसे नाही. गाडी सरळ उभी करून स्टँडचे दोन्ही पाय एकाच वेळी जमिनीला लागल्याची खात्री करायची, मग स्टँडच्या कानावर पाय ठेवून त्यावर सगळे शरीर तोलायचे. हात फक्त दिशा देतो, वर चढते ती गाडी शरीराच्या भाराने. एक पाय टेकला आणि दुसरा अधांतरी राहिला तर मात्र कितीही बळ लावले तरी गाडी तिरकी होते. स्टँडवर चढताना गाडी चार-सहा इंच मागे सरकते आणि उतरताना तेवढीच पुढे येते, म्हणून भिंतीला चिकटून लावलेली गाडी मेन स्टँडवर घेता येत नाही; मागे तेवढी जागा आधीच सोडावी लागते. गर्दीच्या जागी गाडी लावणाऱ्याला ही चार-सहा इंचांची बाब ठाऊक आहे की नाही, यावरून त्याची पारख होत असे.

वाड्यांत गाडी आत घेण्यासाठी उंबऱ्यावर लाकडी फळी टाकत. फळीवर गाडी चढवताना पहिल्या गिअरमध्ये हाफ क्लचवर, म्हणजे क्लच अर्धवट सोडून इंजिनाचे बळ थोडे-थोडे चाकाला देत, माणूस शेजारून चालत जाई. आत गेल्यावर पुढचा प्रश्न तोंड फिरवण्याचा. देवडीत किंवा चौकात शहाबादी फरशी असेल तर तेथे एक सोपी युक्ती चाले. गाडी मेन स्टँडवर घ्यायची, मागचे चाक अधांतरी झाले की सीटमागची दांडी धरून तिला स्टँडवरच फरशीवर सरकवत फिरवायची, आणि तोंड दरवाजाकडे आले की खाली घ्यायची. वर्षानुवर्षे असे केल्याने फरशीवर कमानीच्या आकाराचे चरे उमटतात, आणि जुन्या घरांच्या फरशा पाहणाऱ्याने ते चरे गाडीच्या मुक्कामाची खूण म्हणून ओळखायला हरकत नाही. साइड स्टँडवर गाडी कलवून, दोन्ही चाके उचलून तिला गर्रकन फिरवण्याची रीतही तरुणांत होती, परंतु ती हलक्या गाड्यांपुरती ठीक. जड गाडीचा सगळा भार एका पायावर आला की स्टँडची बिजागरी वाकते किंवा तिला धरणारा चेसीचा कान तडकतो.

या कौशल्याची खरी शाळा मात्र दुधाच्या धंद्यात भरली. सत्तरच्या दशकात देशात दूधमहापूर योजना सुरू झाली. बारामतीत आप्पासाहेब पवार यांनी स्थापन केलेल्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टसारख्या संस्थांनी याच काळात शेती व पशुपालनाच्या सुधारणेचे काम हाती घेतले, संकरित गाई गोठ्यांत आल्या, आणि ऊस नसलेल्या जिराईत शेतकऱ्यालाही रोज पैसा देणारा जोडधंदा मिळाला. पुढे बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत आणि इंदापूर तालुक्यातही मोठे दूधप्रक्रिया प्रकल्प उभे राहिले. परंतु गोठा आणि संकलन केंद्र यांच्यामधले अंतर कोणी तरी रोज दोन वेळा कापायला हवे होते, आणि बागायती भागातील घरे गावात एकत्र नसून शेताशेतांतून वस्त्यांवर विखुरलेली होती. हे काम राजदूतवाल्यांनी आणि बुलेटवाल्यांनी केले.

दुधाचा प्रमाण कॅन चाळीस लिटरचा असतो. दूध पाण्याहून किंचित जड असल्याने एका भरल्या कॅनमधील दुधाचेच वजन एक्केचाळीस किलोंच्या वर जाते, आणि दोन बाजूंना दोन कॅन लोखंडी कॅरिअरला अडकवले की गाडीच्या वजनात रिकाम्या कॅनांखेरीज ब्याऐंशी किलोंची भर पडते. कोणी सीटवर आणखी एखादा आडवा बांधी. हे वजन गाडीच्या मागच्या भागावर येत असल्याने पुढचे चाक हलके होते आणि संथ चालीत हँडल थरथरते. त्याहून मोठी अडचण रुंदीची. साध्या गाडीचा सर्वांत रुंद भाग हँडल असतो, त्यामुळे हँडल गेले की गाडी गेली हा सर्वसाधारण अंदाज बरोबर ठरतो. कॅन लावलेल्या गाडीला हा अंदाज फसवतो, कारण तिची शेपटी हँडलहून रुंद असते. म्हणून दोन झाडांमधून, गोठ्याच्या खांबांमधून किंवा दोन ट्रॉल्यांच्या फटीतून जाताना दूधवाला हँडलकडे पाहत नसे. तो वळण उशिरा घेई आणि आधी शेपटी सरळ करून मग फटीत शिरे. लांब ट्रक चालवणाऱ्यालाही हेच करावे लागते, आणि दूधवाल्याने ते दोन चाकांवर करून दाखवले.

कॅन भरण्या-उतरवण्याचाही क्रम होता. गाडी मेन स्टँडवर असल्याशिवाय कॅनला हात लावायचा नाही, कारण साइड स्टँडवर कललेल्या गाडीचा वरच्या बाजूचा कॅन काढला की खालच्या बाजूचा भार तिला आडवी पाडतो. मेन स्टँडवरही एका बाजूचा पूर्ण भरलेला आणि दुसऱ्या बाजूचा रिकामा अशी अवस्था टाळायची, म्हणून वस्तीवस्तीवर दूध घेताना ते दोन्ही कॅनांत आलटून-पालटून ओतायचे. उतारावर थांबायचे झाले तर गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवून चाकाला दगड लावायचा, आणि जुन्या ट्यूबमधून कापलेले रबर हँडलच्या मुठीवर व पुढच्या ब्रेकच्या दांडीवर चढवून ब्रेक दाबलेल्या स्थितीत बांधून टाकायचा. मोटारीला हँडब्रेक असतो, मोटारसायकलीला नसतो. ती उणीव या रबराच्या कड्याने भरून काढली. दूध उन्हात नासते, संकलन केंद्राची वेळ टळली तर ते परत न्यावे लागते, आणि एका फेरीत अनेक ठिकाणी थांबावे लागते. अशा स्थितीत प्रत्येक थांब्यावरची दोन-तीन मिनिटांची बचत महत्त्वाची ठरे. त्यामुळे वस्तीवर शिरतानाच गाडी फिरवून तोंड रस्त्याकडे करून लावण्याची बैलगाडीच्या काळातील रीत येथे पुन्हा नियमासारखी पाळली गेली. या माणसांच्या कसबावर दोन तालुक्यांचा दुग्धव्यवसाय उभा राहिला, आणि त्यांचे श्रेय सहकाराच्या इतिहासात आजवर पुरेसे नोंदले गेलेले नाही.

जमिनीने आणखी काही धडे दिले. कालव्याखालची काळी माती पावसात लोण्यासारखी मऊ होते आणि तिच्यावर ठेवलेला साइड स्टँड घडीभरात रुतून गाडी हळूहळू आडवी होते. म्हणून शेतावर जाणारे लोक स्टँडखाली ठेवण्यासाठी चपटा दगड, विटेचा तुकडा किंवा ठोकून सपाट केलेला पत्र्याचा डबा जवळ बाळगत. आता बाजारात स्टँडच्या टोकाला बसवण्याच्या रुंद पट्ट्या मिळतात, त्यांचे तत्त्व तेच, की भार जास्त क्षेत्रफळावर पसरवला म्हणजे तो रुतत नाही. कालव्याच्या भरावावरील सेवारस्त्यावर, ज्याला लोक पाटाचा रस्ता म्हणतात, एका बाजूला पाणी आणि दुसऱ्या बाजूला उतार असतो, आणि समोरून ट्रॅक्टर आला तर मागे वळण्याखेरीज गत्यंतर नसते. तेथे एकाच वळणात तोंड फिरवण्याचा हट्ट करणारा बहुधा भरावाखाली उतरतो. जाणता माणूस आधी उतारावर चाक जाऊ न देता तिरका थांबतो, हँडल उलट बाजूला पूर्ण वळवून गाडी मागे घेतो, आणि असे दोन-तीन टप्प्यांत तोंड फिरवतो. मागे घेताना मागचे चाक नेहमी भरावाच्या मध्याकडे आणि पुढचे चाक कडेकडे राहील असे पाहतो, कारण पुढचे चाक कडेला गेलेले दिसते, मागचे गेलेले दिसत नाही.

बाजारपेठेत प्रश्न उताराचा असे, जरी तो डोळ्यांना सहसा जाणवत नाही. पावसाचे पाणी वाहून जावे म्हणून रस्ता मध्ये उंच आणि गटाराकडे उतरता बांधतात. गाडी तोंड आत करून गटाराकडे लावली तर काढताना तिला चढावर मागे ओढावे लागते, आणि जड गाडीच्या बाबतीत हे एकट्याला जड जाते. उलट शेपटी गटाराकडे करून लावली तर लावताना उताराची मदत होते आणि काढताना इंजिनाची. साइड स्टँड डाव्या बाजूला असल्याने जमीन डावीकडे उतरती असेल तर गाडी जास्त कलते आणि उजवीकडे उतरती असेल तर ती सरळ होऊन उजवीकडे पडण्याची भीती असते, म्हणून रस्त्याला समांतर लावण्यापूर्वी उतार कोणत्या हाताला आहे हे पाहणे भाग पडते. आठवडे बाजाराच्या दिवशी, किंवा साखर हंगामात कारखान्याच्या आवारात, जेथे वजनकाट्यापुढे उसाच्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या रांगेने उभ्या असतात, तेथे चुकीच्या तोंडाने लावलेली एक जड गाडी सगळ्यांची वाट अडवू शकते. अशा वेळी दोघांनी मिळून गाडीची शेपटी सीटमागच्या दांडीने उचलून बाजूला ठेवायची आणि मग पुढचे चाक हँडल फिरवून ओळीत आणायचे, ही पद्धत सर्वत्र चालते. पे अँड पार्कचे कामगार दिवसभर हेच करतात.

संत तुकाराम महाराजांची पालखी आषाढी वारीत बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर, सराटी या मार्गाने जाते, बेलवाडीत आणि इंदापुरात रिंगण होते, आणि मुक्कामाच्या गावांत त्या दिवशी रस्ते पूर्णपणे वारकऱ्यांचे असतात. पालखी येण्यापूर्वी मुख्य रस्त्यावरच्या सगळ्या गाड्या आतल्या आळ्यांत, अंगणांत, शाळांच्या पटांगणांत हलवल्या जातात. एका रात्रीत शेकडो दुचाकी गावाच्या आतल्या बाजूला सामावून घेण्याचा हा प्रसंग म्हणजे गावठाणाच्या जागेची दरवर्षी होणारी परीक्षाच असते. पाटस-बारामती-इंदापूर हा पालखी मार्ग राष्ट्रीय महामार्ग म्हणून रुंद करण्याचे काम अलीकडे हाती घेतले गेले, त्याने गावाबाहेरचा ताण कमी होतो, परंतु गावठाणाच्या आतील बोळांची रुंदी होती तेवढीच आहे. उजनी धरणामुळे विस्थापित झालेल्या इंदापूर तालुक्यातील गावांची गोष्ट निराळी. त्यांची नवी गावठाणे आखीव रस्त्यांची झाली, आणि वालचंदनगरच्या वसाहतीप्रमाणे तेथेही जड गाडी वळवणे हा कधी प्रश्न उरला नाही.

१९८५ च्या सुमारास चित्र बदलू लागले. शंभर किलोंच्या आसपास वजनाच्या, जपानी तंत्राच्या चार-स्ट्रोक मोटारसायकली आल्या, त्यांनी पेट्रोल वाचवले आणि दूधवाल्यांचीही पसंती हळूहळू त्यांच्याकडे वळली. गाडी हलकी झाल्याने चूक पचू लागली. कलली तरी हाताने सावरता येऊ लागली, आणि मेन स्टँडऐवजी साइड स्टँडवर गाडी सोडून जाण्याची सवय लागली. ही सवय जागेच्या दृष्टीने महाग आहे. सरळ उभ्या गाड्या हँडलला हँडल भिडवून लावता येतात, कललेल्या गाडीला तिच्या कलण्याएवढी जागा जास्त लागते, आणि ओळीतली एक पडली तर शेजारच्याही पडतात. या बदलाची एक चांगली बाजूही नोंदवली पाहिजे. जड गाडी हे पुरुषांचेच काम, असे सांगून स्त्रियांना या वाहनापासून दूर ठेवले गेले होते. कौशल्य हे मुळात तोलाचे आणि अंदाजाचे असताना ते बळाचे म्हणून मांडले गेले, आणि हलक्या स्कूटरींनी ही समजूत रस्त्यावरच खोडून काढली.

विशेष असे की ज्या गावाने बुलेट आणि राजदूत वापरून झिजवल्या, त्याच गावात पुढे दुचाकी तयार होऊ लागल्या. पियाजिओ या इटालियन कंपनीने बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत आधी तीनचाकी वाहने आणि २०१२ पासून व्हेस्पा स्कूटर बनवायला सुरुवात केली, आणि २०२३ च्या अखेरीस तेथेच बनणारी एप्रिलिया आरएस ४५७ ही मोटारसायकल बाजारात आली. द्रवपदार्थांसह तिचे वजन सुमारे १७५ किलो आहे, म्हणजे जुन्या बुलेटच्याच तोलाचे. मात्र तिला मेन स्टँड नाही, आणि खेळाच्या घडणीच्या अशा गाड्यांचे हँडल टाकीमुळे फार वळत नाही, त्यामुळे अरुंद जागेत तिचे तोंड फिरवायला जुन्या गाडीपेक्षा जास्त टप्पे लागतात. बुलेटही परतली आहे आणि आता तिचे वजन १९५ किलोंवर गेले आहे. जड गाड्या परत आल्या, पण त्या हलवण्याचे शिक्षण देणारे डेअरीचे दार आणि वाड्याचा चौक मधल्या काळात मागे पडले, आणि हे अंतर आजच्या पार्किंगच्या तक्रारींत स्पष्ट दिसते.

कायद्याने या विषयाकडे अर्धवटच पाहिले आहे. मोटारवाहन कायदा, १९८८ धोकादायक स्थितीत वाहन सोडून जाणे हा गुन्हा मानतो आणि वाहनतळ ठरवण्याचा अधिकार प्रशासनाला देतो. महाराष्ट्राच्या २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत इमारतीच्या आवारातील दुचाकीच्या जागेचे माप एक मीटर बाय दोन मीटर धरले आहे, आणि बुलेटची लांबी मात्र दोन मीटरहून अधिक आहे, म्हणजे नियमाने आखलेल्या चौकटीत ही गाडी मुळात मावतच नाही. परवान्याच्या चाचणीत चारचाकी चालकाला मर्यादित जागेत वाहन मागे घेऊन दाखवावे लागते. दुचाकीच्या उमेदवाराकडून इंग्रजी आठच्या आकारात गाडी फिरवून घेतात, ज्यातून संथ चालीचा तोल कळतो, परंतु गाडी हाताने मागे घेणे, उतारावर थांबवणे आणि मेन स्टँडवर लावणे यांचा त्यात विचार नाही. बारामती, इंदापूर आणि दौंड तालुक्यांतील वाहनांना एमएच-४२ हा क्रमांक देणारे परिवहन कार्यालय बारामतीत आहे, दुचाकींचा कारखाना बारामतीत आहे, आणि चाळीस लिटरचे कॅन लावून पाटाच्या रस्त्याने आयुष्य काढलेले दूधवाले याच तालुक्यांत आहेत. येथील ड्रायव्हिंग स्कूलांनी आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनी या माणसांना बोलावून एक फळी, एक उतार आणि एक आखलेला बोळ एवढ्या साहित्यावर हे शिक्षण सुरू करावे, आणि दोन्ही नगरपरिषदांनी नव्या वाहनतळांत निदान एक ओळ सव्वादोन मीटर लांबीची आखावी.